मोगलीचे दुसरे दर्शन

किपलिंगच्या कथांवरील ‘द जंगल बुक’ ही जपानी चित्रमालिका १९९३ साली दूरदर्शनवर हिंदीतून लागे, तेव्हा रविवारी सकाळी कृष्णपुऱ्यातील आम्हां मुलांना दुसरे काही सुचत नसे. शेरखानाचा आवाज नाना पाटेकरांचा होता. तोच आवाज २०१६ साली जॉन फॅवरो यांच्या चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीत पुन्हा कानी पडला आणि आम्ही शहारलो. चित्रपटातील पशू जिवंत भासतात. आमच्याच मध्यप्रदेशातील सिवनीचे हे अरण्य लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत उभारले, हे सांगूनही पटत नाही.

तथापि आमची तक्रार निराळी आहे. मोगली रानाचा की माणसांचा, हा या कथेतील मूळ दावा. ५२ भागांच्या मालिकेने दोन्ही पक्षांचे म्हणणे सावकाश ऐकून अखेर त्याला गावात पाठविले. रानाशी नाते मात्र तोडले नाही. चित्रपटाने त्याला रानातच ठेवून निकाल सोपा केला. घरी मराठी व दारी हिंदी बोलत वाढलेल्या आम्हांस मालिकेचाच न्याय मान्य आहे. एक घर सोडून दुसऱ्यात जावे लागले, तरी पहिल्याकडे येणेजाणे राखता येते, हे आम्ही तिच्यातच प्रथम पाहिले.