‘अतार्किक’ कोण वागलं? सम्राट अशोक, १०१ सेकंद आणि माझा परत आलेला सिनॉप्सिस

पीएचडीचा पहिला सिनॉप्सिस मी गाईडना दिला, त्यातलं पहिलंच वाक्य असं होतं: विमान अपघातांमागे बहुतेक वेळा मानवी चूक असते, म्हणून कॉकपिटमधल्या इशारा यंत्रणा अधिक प्रभावी करणं गरजेचं आहे. मॅडमनी त्यातल्या ‘म्हणून’भोवती पेन्सिलीने गोल केला आणि शेजारी लिहिलं, “हे कुठून आलं?” बाकी काही नाही. कागद परत.

खरं सांगते, राग आला होता. इतकं उघड वाक्य, त्यात काय विचारायचं! तुमच्यापैकी जे आत्ता पेटची तयारी करताहेत किंवा पहिला प्रस्ताव लिहिताहेत, त्यांच्या वहीतही असं एखादं वाक्य असणार. ते वाक्य कसं कोसळलं ते आज लिहिते, कारण ते कोसळायला मला चार महिने लागले.

उदाहरण म्हणून मी आपल्याच मुंबईचा अपघात घेतला होता. १ जानेवारी १९७८, रात्रीचे साधारण पावणेनऊ. एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’, म्हणजे कंपनीचं पहिलं बोइंग ७४७, सांताक्रूझहून दुबईला निघालं. उड्डाणानंतर १०१ सेकंदांनी ते वांद्र्याच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं. विमानातले सगळे, २१३ माणसं, गेले. आधी घातपाताचा संशय होता. चौकशीतून निघालं ते वेगळंच.

किनारा ओलांडताना कॅप्टनने ठरल्याप्रमाणे उजवीकडे वळण घेतलं आणि विमान पुन्हा सरळ केलं. पण त्याच्यासमोरचं एडीआय, म्हणजे विमान क्षितिजाच्या मानाने किती कललंय ते दाखवणारं यंत्र, सरळ झालंच नाही. ते विमान अजून उजवीकडे कललेलं दाखवत राहिलं. कॅप्टनने ते दुरुस्त करायला डावीकडे झुकवलं. आणखी डावीकडे. खाली काळा समुद्र, वर काळं आभाळ, क्षितिज कुठेच नाही. को-पायलटने आपल्याही यंत्राबद्दल काहीतरी गडबडीत म्हटलं, ते इतकं संदिग्ध होतं की कॅप्टनचा समज झाला असावा, दोन्ही यंत्रं तेच दाखवताहेत. शेवटच्या काही सेकंदांत फ्लाइट इंजिनिअरने दुसऱ्या यंत्राकडे लक्ष वेधत कॅप्टनला सांगितलं, याच्यावर जा. तोवर विमान ९० अंशांच्याही पलीकडे कललं होतं.

चौकशीच्या निष्कर्षाचा गाभा असा: एडीआय बिघडल्यामुळे कॅप्टनला विमानाच्या स्थितीचं भान उरलं नाही, त्यातून त्याने ‘अतार्किक’ नियंत्रणं दिली, आणि बाकीची यंत्रं पाहून विमान सावरणं चालकदलाला जमलं नाही. मी सिनॉप्सिसमध्ये ‘अतार्किक’ हा शब्द अधोरेखित करून उतरवला होता. मानवी चुकीचा याहून स्पष्ट पुरावा काय असणार?

आता परत वाचा. यंत्र सांगतंय, विमान उजवीकडे कललंय. माणूस डावीकडे झुकवतो. यात अतार्किक काय आहे? समोरच्या माहितीवरून कोणीही तेच केलं असतं. अतार्किक ते कोणाला दिसतं, तर ज्याच्यासमोर नंतर फ्लाइट रेकॉर्डरचा आलेख आहे आणि विमान खरोखर कुठे होतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला. तो आलेख कॅप्टनकडे नव्हता. इथे निष्कर्षावर माझा आक्षेप आहे: हा शब्द कारण सांगत नाही. शेवट माहीत असलेल्या माणसाचं आश्चर्य तेवढं तो नोंदवतो. सिडनी डेकरसारखे अभ्यासक गेली पंचवीसएक वर्षं हेच मांडताहेत, की त्या क्षणी त्या माणसाला ते वागणं योग्य का वाटलं, इथून सुरुवात करा.

पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. मी गेले होते. पुढचे दोन महिने सगळा दोष यंत्र बनवणाऱ्यांचा, असंच लिहीत बसले. अमेरिकेत बोइंग आणि यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांवर खटला झाला होता. १९८५ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी निष्काळजीपणाचे आरोप फेटाळले. शिवाय रात्री यंत्रांवर उडताना एकाच डायलवर विसंबायचं नाही, बाकीच्यांशी ताडून पाहायचं, हे वैमानिकाच्या प्रशिक्षणातच असतं. म्हणजे चौकशीचा निम्मा भाग बरोबरच होता. माझी तक्रार एका शब्दाशी आहे, आणि त्या शब्दावर मी अख्खा प्रबंध उभा करायला निघाले होते, त्याच्याशी.

मग मी गृहीतक बदललं. नवं असं: दोन यंत्रांमध्ये तफावत आहे हे ओरडून सांगणारा भोंगा त्या वेळी कॅप्टनच्या कानात वाजला असता, तर २१३ माणसं वाचली असती. छान वाटतं ना ऐकायला? हेही चार-पाच पानं लिहून झालं होतं. तेव्हा एका सीनियरने २२ डिसेंबर १९९९ चा स्टॅन्स्टेडचा अहवाल हातात दिला.

लंडनजवळच्या स्टॅन्स्टेडहून कोरियन एअरचं मालवाहू ७४७ अंधारात उडालं. कॅप्टनचं एडीआय कलणं नीट दाखवत नव्हतं. आदल्या उड्डाणातच हा दोष दिसला होता, दुरुस्तीही झाली होती, पण मूळ बिघाड तसाच राहिला. कॅप्टनने डावीकडे वळण सुरू केलं. यंत्रात ते दिसेना, म्हणून तो वळवतच राहिला. विमान साधारण मिनिटभरात कोसळलं, चारही जण गेले. वांद्र्याची जवळपास नक्कल, सुमारे बावीस वर्षांनी.

फरक एवढाच की इथे तफावतीचा भोंगा होता. तो वाजला, आणि एकदा नाही, अनेकदा वाजला. कॅप्टनने त्यावर काहीच बोलल्याची नोंद नाही. को-पायलटचं यंत्र ठीक चाललं होतं, तोही गप्प. फ्लाइट इंजिनिअर मात्र विमान कलतंय असं पुन्हा पुन्हा सांगत होता.

माझी पाच पानं तिथेच संपली. (दोन अपघात म्हणजे प्रयोग नव्हे, हे मलाही कळतं. पण गृहीतकाला तडा जायला एक चांगलं उदाहरण पुरतं.)

भोंगा वाजून ऐकला का जात नाही? एक साधं कारण असं, की तफावतीचा भोंगा फक्त सांगतो, दोघांपैकी कोणीतरी खोटं बोलतंय. कोण, ते सांगत नाही. ते शोधायचं काम परत त्याच माणसावर, ज्याचं डोकं आधीच व्यापलेलं आहे.

दुसरं कारण गणिताचं आहे, हे कागद घेऊन करून बघा. आकडे मी सोयीसाठी धरलेत. समजा एखादा धोका १ लाख उड्डाणांत एकदा येतो. यंत्रणा तो जवळपास नेहमी पकडते, आणि १००० उड्डाणांत एकदाच उगाच वाजते. कागदावर किती भारी यंत्रणा! पण १ लाख उड्डाणांत ती खरी वाजणार १ वेळा आणि खोटी सुमारे १०० वेळा. वाजली तर खरी असण्याची शक्यता शंभरात एक. वैमानिकाने दुर्लक्ष केलं तर तो बेफिकीर आहे की अनुभवाने शहाणा? बेझचं सूत्र नेटच्या तयारीत सगळे घोकतो, इथे लावायचं मात्र सुचत नाही. राजा परासुरामन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हे नेमकं मांडलंय, मूळ पेपर शोधून वाचा.

हे मला लायब्ररीत नीट समजलं नव्हतं, वांगणीला घरी गेल्यावर समजलं. जुलैमध्ये पालघरला एकामागून एक ऑरेंज आणि रेड अलर्ट असतात. फोन वाजतो, आई बघते, पदराला हात पुसते आणि आवणीला जाते. भात त्याच पावसात लावायचा असतो. पण ओहोळाचा आवाज बदलला की तीच आई गुरं वर आणायला धावते. तिला इशारे कळत नाहीत असं म्हणणारे अधिकारी मी पाहिलेत. तिला कुठला इशारा कशासाठी आहे हे त्यांच्यापेक्षा जास्त कळतं. अलर्ट अख्ख्या जिल्ह्याचा असतो, ओहोळ तिचा असतो.

इशारा चुकीचं शिकवू शकतो हेही आहे. १ जून २००९ ला अटलांटिकमध्ये पडलेल्या एअर फ्रान्स ४४७ मध्ये स्टॉलचा इशारा तब्बल ५४ सेकंद सलग वाजला. नंतर मोजलेला वेग इतका कमी झाला की संगणकाने ती माहिती अग्राह्य ठरवली आणि इशारा थांबला. नाक खाली केलं, म्हणजे बरोबर कृती केली, की तो परत सुरू व्हायचा. २२८ माणसं होती त्यात.

आता आपल्याच क्षेत्रावर थोडी टीका. इशाऱ्यांवरचे बरेच प्रयोग असे असतात: विद्यार्थी खुर्चीत, कानाला हेडफोन, आवाज आला की बटण दाबायचं. मीही तसाच छोटा प्रयोग केला, मैत्रिणींना बसवून. सगळ्यांनी पटापट बटणं दाबली, आलेख सुरेख आला. दाबणारच, त्यांना आवाजाचीच वाट बघायला बसवलं होतं! वांद्र्याच्या कॅप्टनने त्या संध्याकाळी कसलीच वाट बघितली नव्हती. अशा आलेखावरून कॉकपिटबद्दल बोलणारे पेपर वाचताना पद्धतीच्या भागात एकच गोष्ट शोधा: सहभागी माणसाला आधी काय सांगितलं होतं?

दोन्ही अहवाल शेजारी ठेवून परत वाचले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली, जी कोणत्याच व्हिडिओत नसते. मुंबईत आणि स्टॅन्स्टेडला, दोन्ही वेळा कॅप्टनला तोंडाने सावध करू पाहणारा माणूस फ्लाइट इंजिनिअर होता. त्याच्या हातात नियंत्रण नव्हतं, म्हणून कदाचित नजर मोकळी होती. ती खुर्ची आता नव्या विमानांत नाही. १९८२ मध्ये सेवेत आलेल्या बोइंग ७६७ सारख्या विमानांत कॉकपिटमध्ये दोघंच, आणि तिसऱ्याचं लक्ष ठेवण्याचं काम पडद्यावर संदेश दाखवणाऱ्या संगणकाकडे. तो संगणक यंत्रांची माहिती ताडून पाहतो, आणि तिसऱ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त गोष्टी पाहतो. पण “कॅप्टन, याच्यावर जा” असं बोट दाखवून सांगणं त्याला कितपत जमतं?

नव्या सिनॉप्सिसमध्ये पहिल्या वाक्यात हाच प्रश्न आहे. ‘म्हणून’ कुठेच नाही. मंगळवारी मॅडमना दिलाय, अजून परत आलेला नाही.