नाकामुरा–गुजराथी डाव (टोरँटो, २०२४)

जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरविण्यासाठी टोरँटो (कॅनडा) येथे झालेल्या बुद्धिबळ स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीतील डाव (५ एप्रिल २०२४). नाशिकचे ग्रँडमास्टर विदित गुजराथी यांनी काळ्या मोहऱ्यांनी खेळून अमेरिकेचे हिकारू नाकामुरा यांचा तिसाव्या खेळीपूर्वीच पराभव केला व त्यांची ४७ डावांची अपराजित मालिका खंडित झाली. या आकड्याचीच चर्चा अधिक झाली, पटावर जे घडले त्याची कमी.

दोन्ही राजांपुढील प्यादी दोन-दोन घरे पुढे सरकली. पांढऱ्याने राजाकडील, तर काळ्याने वजिराकडील घोडा काढला आणि पांढऱ्याचा उंट त्या घोड्यावर रोखला गेला. हा स्पॅनिश प्रारंभ. रुय लोपेझ या धर्मोपदेशकाच्या १५६१ मधील ग्रंथामुळे तो त्याच्याही नावाने ओळखला जातो. गुजराथी यांनी दुसरा घोडा काढून बर्लिन बचाव स्वीकारला. क्रामनिकने २००० साली कास्पारोव्हविरुद्ध तो यशस्वीपणे वापरल्यापासून भक्कम, पण नीरस, अशी त्याची ख्याती आहे. नाकामुरा यांनी चौथ्या खेळीत वजिरापुढील प्यादे एकच घर सरकवून वजिरांची लवकर होणारी मारामारी टाळली व संथ झुंज पत्करली.

तथापि संथ प्रारंभ म्हणजे सुरक्षित प्रारंभ नव्हे. काळ्याचा उंट किंवा घोडा अंगावर येऊ नये म्हणून पांढऱ्याने राजाच्या बाजूचे हत्तीपुढील प्यादे एक घर पुढे केले होते. गुजराथी यांच्या उंटाने नेमके तेच मारले. उंट मारावा, तर किल्लेकोटातील राजापुढची भिंत फुटते. न मारावा, तर प्यादे फुकट जाते. डावाचे मर्म या एका खेळीत आहे. तिला केवळ धाडस म्हणणे अपुरे होय. प्रतिपक्षाची खबरदारीच येथे हल्ल्याचे लक्ष्य झाली.

आपल्याकडील जुन्या देशी खेळात असा प्रसंग सहसा उद्भवला नसता. त्यात प्यादे एकेकच घर चाले आणि किल्लेकोट नसे. त्याऐवजी राजाला एकदा घोड्याची चाल मिळे. त्यामुळे कोपऱ्यात बसलेला राजा आणि त्यावरील बलिदानाचा हल्ला ही यूरोपीय नियमांची देणगी म्हटली पाहिजे.

नवव्या फेरीत गुजराथी यांनी पांढऱ्या मोहऱ्यांनीही नाकामुरा यांना हरविले. गुजराथी स्वतः १४ डावांत ६ गुणांवर राहिले. नाकामुरा यांना ८.५ गुण मिळाले, विजेत्या गुकेश यांना ९.