चित्रापाशी बोलणारं माणूस

वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर ‘स्वदेस’ चित्रपटाचं चित्रीकरण झालं होतं, ते ठिकाण बघायला आजही माणसं येतात. वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा बघतात, फोटो काढतात. मागेच नाना फडणवीसांचा वाडा आहे आणि त्याच्या भिंतींवर जुनी चित्रं आहेत. तिथे मात्र पावलं भराभर पुढे सरकतात. चित्र आवडत नाही असं नसतं. त्यापुढे उभं राहून करायचं काय, हे कुणी कधी सांगितलेलंच नसतं.

कलादालनाचं दुखणं मला इथे दिसतं. 1952 मध्ये मुंबईत जहांगीर कलादालन सुरू झालं. तिथे तिकीट नाही, तरी बाहेरच्या फुटपाथवरून आत जायला अनेकांचा पाय अडखळतो. बहुतेक दालनं चित्रकाराकडून भाडं घेतात किंवा विक्रीतला वाटा घेतात. बघणाऱ्याच्या खिशातून काही येत नाही, म्हणून त्याची विचारपूस करण्याची गरजही दालनाला भासत नाही. चित्राखाली नाव, ‘तैलरंग’, साल आणि किंमत एवढंच, आणि तेही बहुधा इंग्रजीत.

याच्या उलट जिद्द आपल्याच सातारा जिल्ह्यात दिसली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी 1938 मध्ये यमाईच्या डोंगरावर भवानी चित्रसंग्रहालय उभारलं. राजा रविवर्म्याच्या चित्रांपासून हेन्री मूरच्या ‘माता आणि मूल’ या शिल्पापर्यंतचा ऐवज त्यांनी कुठल्या शहरात ठेवला नाही, देवदर्शनाला येणाऱ्यांच्या वाटेवर ठेवला. त्या शिल्पापुढे एक आजी बराच वेळ उभ्या होत्या. चष्मा पदरानं पुसून पुन्हा पाहिलं आणि सुनेला म्हणाल्या, “माय-लेकरूच हाय की ह्ये!” आधुनिक शिल्पकलेवरची व्याख्यानं मी पुष्कळ ऐकली आहेत, पण इतकं थेट क्वचितच कुणी बोललं.

ही जवळीक आपल्याला नवी नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र समोर धरून गात-सांगत पुढे नेतात. परशुराम गंगावणे यांनी तिथे गाईच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या गोठ्यात चित्र आणि सांगणारा वेगळे पडत नाहीत, आणि दालन चालवणाऱ्यांनी शिकावं ते हेच.

वाईला तर शब्दांची ददात नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली मराठी विश्वकोश याच गावात उभा राहिला. चित्रकलेवर सोप्या मराठीत लिहिता येतं, हे त्यानं दाखवून दिलं आहे. कृष्णाबाईच्या उत्सवात आळीआळीचे घाट माणसांनी फुलतात, कीर्तनाला जागा पुरत नाही. त्या मांडवाशेजारी आठ-दहा चित्रं लावावीत. निम्मी तरी पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे कुणाला कडेवर घ्यावं लागणार नाही. चिठ्ठी मराठीत, मोठ्या अक्षरात. आणि शेजारी स्टुलावर एक माणूस, ज्यानं येणाऱ्याला आधी विचारावं, “तुम्हाला यात काय दिसतं?” आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसावं.