आनंदाची शिस्त: फॉस्टर, टिळक आणि टाळ

मंडळी, साधना म्हटलं की आपल्याला उपवास आठवतो, मौन आठवतं, पहाटेची प्रार्थना आठवते. आनंद साजरा करणं हीसुद्धा साधना, असं कुणी म्हणालं तर आपण जरा संशयानंच बघतो. रिचर्ड फॉस्टर या अमेरिकी क्वेकर लेखकाने १९७८ साली 'सेलिब्रेशन ऑफ डिसिप्लिन' लिहिलं. त्यात १२ साधना आहेत, आणि शेवटची आहे उत्सवाची. गाणं, नाच, हसणं, घरातले छोटे सोहळे, हे सगळं त्यात येतं.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे कांट आडवा येतो. भावना हुकमाने निर्माण होत नाही, हुकूम फक्त कृतीला देता येतो. मग 'आनंद करा' ही आज्ञा कशी? पौलाने ती फिलिप्पैकरांना दिली, तीही बंदिवासातून! फॉस्टर म्हणतो, आनंद थेट आणता येत नाही. रोजच्या आज्ञापालनातून तो येतो. ठीक. पण मग गाणं-नाच हे फळ की मशागत? हे त्या प्रकरणात आम्हाला नीट उलगडत नाही.

आमच्या मते ते मराठीत जास्त उलगडतं. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला की माणसाचं वर्षभराचं पंचांगच हातातून जातं: सण, ओव्या, टाळ. मिशनच्या उपासनेत तेव्हा इंग्रजी चालींवरची भाषांतरित गीतं बरीच असत. ती म्हणता येत, पण त्यांत रंगता येत नसे. टिळकांनी अभंग, ओवी, भजन, कीर्तन उपासनेत आणलं. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. कीर्तनात आधी आनंद होतो नि मग माणूस टाळ धरतो, असं नसतं हो. टाळ आधी हातात येतो. हात चालतात, पाय हलतात, शेजारच्याचा आवाज आपल्याला ओढून नेतो, मन मागून येतं. इथून जवळच नामदेवांची नर्सी आहे. तुम्हाला हे आम्ही काय सांगायचं! कांटचा आक्षेप इथे मोडत नाही, पण बोथट होतो.

आणि लक्ष्मीबाई. 'स्मृतिचित्रे' १९३४पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालं. ताटातूट, गरिबी, मृत्यू, सगळं त्यात आहे, आणि तरी पानोपानी हसू आहे. ते दुःख झाकणारं हसू नाही. फॉस्टरच्या त्या प्रकरणापेक्षा आम्ही हे पुस्तक आधी वाचायला सांगू.

फॉस्टरवर आमचा खरा आक्षेप वेगळाच आहे. तो जुन्या करारातल्या ५०व्या वर्षाच्या, योबेलाच्या, उत्सवाचा आधार घेतो. लेवीय २५ काढून बघा. त्या वर्षी विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत येते, गुलाम घरी जातो. फॉस्टरला हे ठाऊक आहे, तो ते सांगतोही. पण लवकरच निश्चिंत मनाकडे वळतो. आता सोयाबीन हातचं गेलेल्या वर्षी, सावकाराकडे कागद अडकलेला असताना, सेनगावच्या माणसाला 'निश्चिंत व्हा, साजरं करा' म्हणणं बरं दिसेल का? तो विचारेल, माझं शेत कधी परत येणार? हा प्रश्न अश्रद्धेचा नाही, तो लेवीयातलाच आहे.

अनुवाद १४ त्यापेक्षा पुढे जातं. दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश गावातच ठेवायचा आणि लेवी, परका, अनाथ, विधवा यांनी तो पोटभर खायचा. आता पंगतीची यादी करताना ही चार नावं आधी लिहायची की उरलं तर शेवटी, यावर तुमचे प्रश्न घेऊ.