घसरगुंडीच्या पायथ्याशी

तालुक्याच्या गावातली बाग वाचायची तर सुरुवात पाटीपासून करावी. पाटी फाटकाच्या डाव्या किंवा उजव्या खांबाला असते, निळ्यावर पांढरी नाहीतर पिवळ्यावर काळी. फुले तोडू नयेत. हिरवळीवर चालू नये. बारा वर्षांवरील मुलांनी खेळण्यांवर बसू नये. क्रिकेट खेळण्यास सक्त मनाई आहे. खाद्यपदार्थ आत आणू नयेत. सगळ्यात खाली ‘आदेशावरून’. आदेश कोणाचा, हे बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. संपूर्ण मजकुरात एकही होकारार्थी क्रियापद नसतं. इथे यावं, बसावं, पळावं, चढावं, असं काही नाही. माझ्या धंद्यात फायरवॉल अशी लिहितात: आधी सगळं बंद, मग गरजेपुरतं एकेक दार उघडायचं. बागेच्या पाटीवर पहिलाच भाग असतो, दुसरा नसतो.

आपल्याकडे सिनेमाचं परीक्षण होतं, नाटकाचं होतं, हल्ली मिसळीचंही होतं. बागेचं होत नाही. बागेबद्दल वर्तमानपत्रात दोनच प्रकारच्या बातम्या येतात, लोकार्पण आणि दुरवस्था. या दोन बातम्यांच्या मधल्या काळात माणसं तिथे लेकराबाळांना घेऊन जातात, त्या काळाबद्दल कोणी लिहीत नाही. बाग ही कोणीतरी विचार करून (किंवा न करता) केलेली रचना आहे, तिच्यात मूल म्हणजे काय, आई म्हणजे काय, खेळ म्हणजे काय याची एक कल्पना दडलेली आहे, आणि त्या कल्पनेशी भांडता येतं, असं आपण धरत नाही. मी देवळीचा. वर्धा-यवतमाळ रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव, कापूस-सोयाबीन-तुरीचं, वर्ध्यापासून अर्ध्या तासावर. पण पुढे लिहितोय ते एका गावातल्या एका बागेबद्दल नाही. पुलगाव, आर्वी, कळंब, राळेगाव, कुठेही उतरा, बाग ओळखीचीच वाटते. तिच्या ओळखीचं वाटण्यातच पहिली तक्रार आहे.

ती ओळखीची वाटते, कारण ती कॅटलॉगमधून आलेली असते. लाल-पिवळ्या फायबरच्या घसरगुंड्या जोडलेलं एक ‘मल्टिप्ले’, दोन झुले, एक सी-सॉ, गोल फिरणारी चकरी, आणि गेल्या काही वर्षांत भर पडलेलं ओपन जिमचं हिरवं-पिवळं लोखंड. मध्ये पेव्हर ब्लॉक. कडेने अशोकाच्या उंच, अंग चोरून उभ्या असलेल्या रांगा आणि शोभेचे पाम. अशोक दिसतो छान, पण त्याची सावली त्याच्याच बुडाशी पडते. पामची तेवढीही नाही.

सावलीचा मुद्दा इथे सौंदर्याचा नाही. मे महिन्यात आमच्या जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उन्हात तापलेला पत्रा हवेपेक्षा पुष्कळ जास्त तापतो. फायबरही काही फार दयाळू नाही. खेळाच्या मैदानांवरच्या परदेशी मार्गदर्शिकांमध्ये घसरगुंडीचं तोंड उत्तरेला ठेवा असा सल्ला असतो. लंडन-न्यूयॉर्कला तो बरोबर आहे, तिथला सूर्य कायम दक्षिणेकडे कललेला. देवळी साधारण २०.६५ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या चौथ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य इथे थेट डोक्यावर येतो. वर्तमानपत्रं ज्याला शून्य सावली दिवस म्हणतात तो हाच. त्यानंतर जवळजवळ दोन महिने, म्हणजे विदर्भातल्या शाळांची उरलेली उन्हाळी सुट्टी धरून, दुपारचा सूर्य किंचित उत्तरेलाच असतो. तेव्हा उत्तरेकडे तोंड करून काही साधत नाही. शिवाय बाग उघडते चार-पाच वाजता, तेव्हा ऊन पश्चिमेकडून तिरपं येतं आणि पावणेसातपर्यंत सूर्य मावळत नाही. याचा अर्थ साधा आहे. आमच्याकडे घसरगुंडीच्या पश्चिमेला एक दाट झाड हवं. कडुनिंब, करंज, काहीही. दोन्ही आमच्या मातीत फार लाड न करता वाढतात. हे गणित शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकातलं आहे. तरी एका बागेत (गाव सांगत नाही) माझ्या भाचीनं संध्याकाळी पाच वाजता घसरगुंडीला हात लावला, झटकन मागे घेतला आणि आजीकडे असं पाहिलं की जणू तिला कोणीतरी फसवलंय. आजी म्हणाली, “थंडी होऊ दे बाई, मंग जाजो.” दोघी अर्धा तास बाकावर बसून घसरगुंडी थंड व्हायची वाट पाहत होत्या.

दुसरा दोष पायथ्याशी आहे. घसरगुंडीवरून मूल जिथे येऊन आदळतं, तिथे काय आहे? बहुतेक ठिकाणी पेव्हर ब्लॉक किंवा धोपटलेला मुरूम. पेव्हरवर टीका करणं सोपं आहे, पण ते आले त्याला कारण आहे. आमची माती काळी, कपाशीची. पावसात ती फुगते, चप्पल ओढून घेते. उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्याचे तीन महिने उघड्या काळ्या मातीवर लेकरू सोडणं म्हणजे घरी गेल्यावर अर्धा तास आंघोळ. तेव्हा पेव्हर घालणाऱ्यानं आईचा थोडा तरी विचार केला होता, असं मानायला जागा आहे. (त्याच मातीमुळे चार पावसाळ्यांत पेव्हरला लाटा येतात आणि झुल्याचे खांब तिरके होतात, ते वेगळं.) विचार झाला तो चिखलाचा. पडण्याचा झाला नाही.

आणि पडण्याचा विचार आम्हाला नवा नाही. देवळी कुस्तीचं गाव आहे. २०१४ ते २०२४ अशी दहा वर्षं वर्ध्याचे खासदार असलेले रामदास तडस हे इथलेच, आखाड्यातून राजकारणात आलेले. आखाड्याची माती म्हणजे नुसती माती नसते. ती चाळलेली असते, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू पडतं, आणि कुस्तीच्या आधी ती फावड्यानं खणून भुसभुशीत केली जाते. कोणीतरी पडणार आहे, पडण्यातच सगळा खेळ आहे, तेव्हा ज्यावर पडायचं ते आधी तयार करा, असा तो हिशेब आहे. आमच्या संस्कृतीत पडणाऱ्या शरीरासाठी केलेली ही सगळ्यात विचारी रचना असेल. ती गावात आहे, पिढ्यांपासून आहे, आणि तिच्यातली एकही गोष्ट फाटकाच्या आत आली नाही. बागेचं अंदाजपत्रक करणाऱ्यानं तालमीत एक चक्कर मारली असती तर घसरगुंडीखाली निदान हातभर रेती आली असती.

रेतीवरून आठवलं. डेन्मार्कमधले बागरचनाकार सी. थ. सोरेनसेन यांना दिसलं होतं की आपण केलेल्या क्रीडांगणांपेक्षा पोरं बांधकामांवर आणि भंगारात जास्त रमतात. त्यातून १९४३ साली, जर्मनांच्या ताब्यातल्या कोपनहेगनजवळ, एम्द्रुपला ‘भंगाराचं क्रीडांगण’ उभं राहिलं. फळ्या, विटा, दोऱ्या, घसरगुंडी नाही. हे वाचून आमच्याकडच्या कोणालाही नवल वाटणार नाही. घराचं बांधकाम निघालं की रस्त्यावर रेतीचा ढीग पडतो आणि गल्लीतले सगळे पोट्टे त्यावर. बोगदे, किल्ले, शिंपले वेचणं, वरून उड्या. ढिगाला पाटी नसते, वेळ नसते, वयाची अट नसते. हल्ली रेतीचा भाव असा झालाय की घरमालक ढिगाशेजारी खुर्ची टाकून बसतो, आणि हे फुकटचं क्रीडांगणही गेलंच.

आल्डो व्हान आइकनं अॅमस्टरडॅममध्ये हाच धागा पकडला. १९४७ ते १९७८ या काळात त्यानं शहरात सातशेहून अधिक खेळजागा केल्या. त्यातल्या अनेक युद्धानं रिकाम्या झालेल्या प्लॉटवर होत्या. एक रेतीचा हौद, काही लोखंडी दांड्या, उड्या मारायला गोल सिमेंटचे ठोकळे, एखादी कमान. एवढंच. बहुतेकांना कुंपण नाही. दांडी म्हणजे हत्ती नाही, बदक नाही, रॉकेट नाही. ती काय आहे हे पोरानं ठरवायचं. माझ्या मते आपल्या कॅटलॉग-बागेला सगळ्यात चोख उत्तर हेच आहे, आणि ते स्वस्तही आहे. पण ते घेताना एक चूक होऊ शकते, म्हणजे पुन्हा कॅटलॉगच मागवायचा, फक्त डच. आपल्याकडे अशा मोजक्या वस्तूंची परंपरा आहेच. खो-खोला लागतात दोन खांब आणि रेघा. आट्यापाट्यांना नुसत्या रेघा. मल्लखांब म्हणजे एक लाकूड. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं, ज्याची स्थापना १९१४ची, हे देशी खेळ १९३६ साली बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी नेऊन दाखवले होते. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. एवढं होऊनही कुठल्या नव्या बागेत ते दोन खांब पुरलेले मला दिसले नाहीत. पाण्याच्या कारंज्याला जागा असते.

आपल्या बागांच्या कल्पनाशक्तीचा प्रश्न जुना आहे. मुंबईच्या कमला नेहरू पार्कातला ‘म्हातारीचा बूट’ १९५०च्या दशकातला. महाराष्ट्रातली कदाचित सगळ्यात प्रसिद्ध खेळवस्तू, पण ती म्हातारी आपली नव्हे. ती इंग्रजी बडबडगीतातली, भरमसाट लेकरं घेऊन बुटात राहणारी. आपली म्हातारी भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परत येते आणि वाघाला चकवते. घरंगळणारा भोपळा! घसरगुंडीसाठी याहून चांगली कल्पना मिळणार नाही. तरी बुटाबद्दल मला ममता आहे. त्यात आत शिरता येतं, वर चढून बाहेर डोकावता येतं, खालून आई हात हलवते. कॅटलॉगमधल्या मल्टिप्लेला आतली बाजूच नसते.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग बाग हवीच कशाला, मैदान ठेवा. मीही बराच काळ हेच म्हणत होतो. माझ्या वयाच्या मुलग्यांना बाग कधी लागलीच नाही; शाळेचं मैदान, बाजाराची जागा, कापणी झालेलं वावर, सगळं आमचंच. पण या वाक्यातला ‘आमचं’ तपासून पाहावा असा आहे. त्या मैदानावर माझी बहीण कधी नव्हती. आखाड्याजवळ तर नाहीच. देवळीसारख्या गावात बाईला घराबाहेर जायला कारण लागतं: देऊळ, बाजार, हळदीकुंकू, दवाखाना. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉइटर?’ हे २०११चं पुस्तक मुंबईबद्दल आहे, पण त्यातला मुद्दा तालुक्याला जास्त लागू पडतो: बाईनं विनाकारण बाहेर असणं हाच हक्क आहे. आमच्याकडे त्याला विनाकारण म्हणता येत नाही, म्हणून लेकरू हे कारण होतं. “पोराले बागेत नेतो” म्हटलं की दोन तास मिळतात. मग लेकरू झुल्यावर आणि तीन जावा-नणंदा बाकावर, पदराखाली फुटाण्यांची पुडी, फाटकाबाहेरच्या गाडीवरून आणलेले गुपचुप. खाद्यपदार्थ आणू नयेत ही पाटी सगळ्यांनी एकमतानं रद्द केलेली. पुरुषांचा अड्डा होत नाही, कारण फाटक आहे, दिवे आहेत, वेळ आहे. ज्या कुंपणाला मी व्हान आइकच्या नावानं नाकं मुरडत होतो, त्या कुंपणानंच ती जागा बायकांना वापरता येते. दोन्ही खरं आहे, आणि या दोहोंचा मेळ कसा घालायचा ते व्हान आइकच्या अॅमस्टरडॅममध्ये सापडत नाही.

त्यामुळे बागेतली खरी कळीची वस्तू घसरगुंडी नसून बाक आहे. आणि बाक नेहमी चुकीच्या जागी असतो. तो भिंतीला पाठ लावून, वॉकिंग ट्रॅककडे तोंड करून, एकेकटा. तीन बाया समोरासमोर बसू शकत नाहीत. बसल्या तर लेकरू पाठीमागे जातं. सिमेंटच्या गोल पारासारखा ओटा, मध्ये झाड, आणि तिथून झुला-घसरगुंडी दोन्ही दिसतील एवढं अंतर, इतकंच पुरे आहे. बारा वर्षांवरच्या मुलीचं काय, हा पुढचा प्रश्न. पाटीनुसार ती खेळण्यांवर बसू शकत नाही, मैदानावर तिला जागा नाही, आणि बाकावर बसायला तिच्याकडे लेकरू नाही. ती बागेत येते ती धाकट्या भावाला घेऊन, आणि त्याला झोका देत उभी राहते.

जागा नाही हे उत्तर मात्र चालणार नाही. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमांनुसार ०.४ हेक्टर आणि त्यावरच्या लेआउटला दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. विदर्भात ‘ओपन स्पेस’ हा शब्द अडाणी माणसालाही ठाऊक आहे. प्रत्येक लेआउटला ती आहे, नकाशात हिरवी. प्रत्यक्षात तिच्यावर आधी गाजरगवत, मग हनुमानाचं छोटं मंदिर, मग मंदिराचा सभामंडप, मग समाजभवनाचा पाया. मंदिराला माझा आक्षेप नाही. त्याच्या ओट्यावर सावली असते, पाणी असतं आणि संध्याकाळी आज्या येऊन बसतात. त्यांच्यासमोर जी पाच-सहा गुंठे उरतात, तिथे लग्नाच्या मांडवाचे खड्डे पडलेले असतात. त्याच खड्ड्यांमध्ये मागच्या दिवाळीत दोन पोरींनी बांबू रोवले होते, मधल्या रेघा चुन्याच्या. आठ जणी उकिडव्या बसल्या होत्या, एक पळत होती, आणि ओट्यावरची एक आजी मोठ्यानं सांगत होती की खो पाठीवर नीट दे, नुसतं ओरडून होत नाही.