‘वस्त्रहरणां’तील तालीम

रेडीसारख्या वेंगुर्ल्याकडील गांवांत जत्रेच्या रात्रीं ज्यांनीं दशावतार पाहिला आहे, त्यांस लिखित संहितेवांचून नाटक कसें उभें राहतें हें सांगावयास नको. नट आपला चेहरा आपणच रंगवितो; कथा सर्वांस ठाऊक असते, आणि संवाद रंगभूमीवरच सुचतात. हें ध्यानांत ठेविलें म्हणजे गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ (१९८०) या मालवणी प्रहसनाचें मर्म उकलतें.

त्यांतील गांवकरी द्रौपदीवस्त्रहरणाचें नाटक बसवूं पाहतात. पाठांतर, हातवारे, पोशाख, सारें नागर रंगभूमीच्या शिस्तीनें करूं जातात, आणि तेथेंच फसतात. वेष राजाचा, बोली मात्र घरचीच! मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच गाजला तो या विसंगतीच्या बळावर.

नाटकाचे पांच हजारांहून अधिक प्रयोग झाले. यांत शहरी प्रेक्षक खेडुतांस हंसतो, असा आक्षेप कोणी घेईल. आम्हांस तो मान्य नाहीं. येथें हसें होतें तें गांवकऱ्यांचें नव्हे, त्यांच्या अंगास न बसणाऱ्या उसन्या थाटाचें. मात्र जो नट बोलीलाच विनोद समजून ती मुद्दाम वेडीवांकडी करील, तो हा आक्षेप खरा ठरवील. मालवणी सहज बोलली जावी. हंसूं आपोआप येतें.