ओटीवरचें स्मरण आणि माजघरांतील वस्तू

जुन्या वस्तूंविषयीं लिहिण्याची हौस आपल्या वाङ्मयांत अलीकडे पुष्कळच बळावली आहे. कोणताही दिवाळी अंक उघडावा, तों त्यांत जातें, पाटा-वरवंटा, घंगाळ, लामणदिवा यांपैकीं कशावर तरी एखादा हळवा लेख आढळावयाचाच. या प्रकारास 'स्मरणरंजन' असें एक नेटकें नांवही मिळालें आहे. या हौशीची थट्टा करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. ज्या पिढीच्या डोळ्यांदेखत १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं आलीं, आणा-पै मोडींत निघाले आणि मागोमाग शेर-पायलीही बाजारांतून उठली, त्या पिढीच्या वस्तूच नव्हेत तर शब्दही हरपले. चवली, पावली, अदपाव हे शब्द आज नातवंडांस समजावून सांगावे लागतात. असें असतां मन मागें वळलें, तर त्यांत नवल कसलें? आमचा प्रश्न एवढाच आहे कीं, या लेखनास वाङ्मय म्हणून कोणती कसोटी लावावी?

कोंकणांतील जुन्या घराचा घाट वाचकांच्या परिचयाचा आहे. पुढें पडवी, मग ओटी, ओटीच्या आंत माजघर, त्याच्या मागें स्वयंपाकघर, आणि मागील दारीं विहीर. ओटीवर झोपाळा, पानाचा डबा व आले-गेले पाहुणे. माजघरांत व त्याच्या मागें जातें, उखळ, चूल आणि बाळंतिणीची खोली. आमची तक्रार अशी कीं, आजचें बहुतेक स्मरणरंजन ओटीवर बसून लिहिलेलें असतें, आणि ज्या वस्तूंविषयीं तें लिहिलेलें असतें त्या मात्र माजघरांतल्या असतात. तांब्या लखलखीत होता, हें लेखक सांगतो. राखेनें व चिंचेनें तो रोज कोणी घांसला, हें त्याच्या ध्यानींमनींही नसतें. जात्याची घरघर पहांटेच्या साखरझोपेंत किती गोड वाटे, हें तो चार परिच्छेदांत रंगवितो. परंतु ज्याला ती घरघर झोपेंत ऐकूं आली, तो दळत नव्हता, हें उघड आहे.

ही कसोटी आम्ही हवेंतून काढलेली नाहीं. ती लावून पाहण्यास दापोली तालुक्यासारखें दुसरें ठिकाण क्वचितच सांपडेल. पालगड, मुरूड व मुर्डी हीं तीन गांवें या एकाच तालुक्यांत आहेत. पालगडास १८९९ सालीं साने गुरुजींचा जन्म झाला. मुरुडास धोंडो केशव कर्वे लहानाचे मोठे झाले. मुर्डीस १९१३ सालीं श्री. ना. पेंडसे जन्मले. तिघेही पुढें गांव सोडून गेले, आणि तिघांनींही दुरून त्या जुन्या जगाविषयीं लिहिलें. म्हणजे स्मरणरंजनास लागणारी सर्व सामग्री तिघांपाशींही होती. तिनें त्यांनीं काय केलें, हें पाहण्याजोगें आहे.

'श्यामची आई' गुरुजींनीं नाशिकच्या तुरुंगांत फेब्रुवारी १९३३ मध्यें अवघ्या पांच दिवसांत बहुतांशीं लिहून काढली, आणि १९३५ सालीं ती प्रसिद्ध झाली. कोठडींत बसलेल्या माणसास घर जितकें गोड वाटेल, तितकें दुसऱ्या कोणास वाटणार? तरीही त्या पुस्तकांत एकही वस्तु केवळ जुनी म्हणून आलेली नाहीं. पत्रावळच घ्या. 'पूर्वी आम्ही पानांवर जेवत असूं' अशा उसाशाचा तो विषय नव्हे. पानें कशीं जुळवावींत, चोय कोठें टोंचावी, हें मुलाच्या हातांस ठाऊक असलें पाहिजे. येत नसेल तर घरांत मान खालीं घालावी लागते. भात कांडावयास येणारी मथुरी आहे, म्हणून उखळ आहे. आणि मथुरी तापानें फणफणली म्हणजे तें उखळ मुकें होतें. धोतर येतें, तें भाऊबिजेच्या पैशांतून आई स्वतःसाठीं कांहीं न घेतां पतीसाठीं आणविते म्हणून. अखेरीस कर्जापायीं घरावर जप्ती येते आणि गांवांत दवंडी पिटली जाते, तेव्हां आतांपर्यंत पाहिलेल्या त्या साध्या घराची किंमत वाचकास एकदम कळते. वस्तूमागें माणूस, माणसामागें कष्ट आणि कष्टामागें पैशाचा हिशेब, अशी ही सांखळी कोठेंही तुटत नाहीं.

या पुस्तकावर अति भावविवशतेचा आक्षेप घेण्यांत येतो, व तो सर्वस्वी खोटा आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. अश्रूंचा पाट अनेक प्रकरणांतून वाहतो. त्याहून गंभीर दोष आम्हांस असा वाटतो कीं, आईचे कष्ट येथें इतके पवित्र होऊन बसले आहेत, कीं ते कमी व्हावयास हवे होते हें वाचकाच्या मनांत येतच नाहीं. तो आईस नमस्कार करतो आणि पुस्तक मिटतो. घरांतील आईचें ओझें हलकें करण्यास उठतोच असें नाहीं. मात्र एका बाबतींत गुरुजींनीं रूढीवर पांघरूण घातलेलें नाहीं. अस्पृश्य मानलेल्या एका म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवून देण्यास आई श्यामला सांगते. आणि घरीं येऊन आंघोळ करावयासही तीच सांगते. करुणा आणि डाग दोन्ही एकाच वाक्यांत ठेवण्यास धैर्य लागतें. आईच्या आठवणींत रमणाऱ्या त्याच लेखकानें १९४७ च्या मे महिन्यांत पंढरपुरास विठ्ठलमंदिर हरिजनांस खुलें व्हावें म्हणून प्राणांतिक उपोषण केलें, हें येथें विसरतां येत नाहीं. आई त्यांस प्रिय होती. आंघोळीची ती रूढि त्यांनीं पुढें नेली नाहीं.

कर्व्यांची गोष्ट याहूनही बोलकी आहे. त्यांचें 'आत्मवृत्त' १९१५ सालचें. सरकारी परीक्षेसाठीं मुरुडाहून पायीं सातारा गांठावा आणि वय लहान दिसतें म्हणून तेथें परीक्षेस बसूं देऊं नये, हा प्रसंग महाराष्ट्रांतील शाळकरी मुलांसही ठाऊक आहे. आज कोणी तो लिहिता, तर त्या पायवाटेवरील झरे, पथारी आणि शिदोरीची भाकरी यांतच गुंतून पडता. कर्वे रस्ता सांगतात, निराशा सांगतात, आणि पुढें जातात. हेंच मुरूड त्यांच्यावर उलटलें, तें १८९३ सालीं. बालपणींच विधवा झालेल्या, शारदासदनांत शिकलेल्या गोदूबाईंशीं त्यांनीं पुनर्विवाह केला आणि गांवानें त्यांस वाळींत टाकलें. घरच्या माणसांनीं त्यांस थारा दिल्यास त्यांनाही तोच दंड ठरला. ज्या ओटीवर पंगती बसत, सण होत, त्याच ओटीवर असले ठरावही होत असत. जुन्या चालीरीतींचें गोड वर्णन करणाऱ्यानें ही दुसरी बैठकही वर्णिली पाहिजे. कर्वे ती सांगतात, आणि तरीही मुरुडाविषयीं त्यांच्या लेखणींत कडवटपणा उतरत नाहीं. ही समतोल वृत्ति आमच्या मतें त्या ग्रंथाचा सर्वांत मोठा वाङ्मयगुण आहे.

परंतु कर्वे झाले तरी पुरुष. माजघरांतून प्रत्यक्ष बाहेर आलेला आवाज ऐकावयाचा, तर १९४४ सालीं प्रसिद्ध झालेलें आनंदीबाई कर्वे यांचें 'माझें पुराण' वाचावें. गोदूबाईंच्या लग्नानंतर आनंदीबाई झाल्या, आणि उतारवयांत त्यांनीं आपली कहाणी सांगितली. चूल, पाणी, शेत, नातलगांची उठाठेव यांतलें कांहींच त्यांस रम्य वाटत नाहीं आणि कशाचा बाऊही वाटत नाहीं. ज्यांनीं काम केलें त्यांस कामाची आठवण अशीच असते. ती सविस्तर, कोरडी आणि मधूनच विनोदी असते. आमच्या स्मरणलेखकांनीं शैलीसाठीं परदेशीं ग्रंथ धुंडाळण्यापेक्षां हें एक पुस्तक उशाशीं ठेवावें.

पेंडशांनीं ही दृष्टि कादंबरींत आणली. 'गारंबीचा बापू' १९५२ चा, 'रथचक्र' १९६२ चें. 'रथचक्रां'तील नायिकेस लेखकानें नांवही दिलेलें नाहीं. ती नुसती 'ती' आहे. एकत्र कुटुंबाच्या मोठ्या घरांत नवऱ्यावांचून दिवस काढणारी ही बाई मुलाच्या शिक्षणासाठीं वेगळी निघते. एकत्र कुटुंब ही आपल्या स्मरणलेखांतील अत्यंत लाडकी गोष्ट. वीस माणसांची पंगत, चुलत-मावस भावंडांचा गोंगाट, एका चुलीवरचा स्वयंपाक! 'रथचक्र' वाचल्यावर ती चूल तशीच दिसत नाहीं. एका चुलीवर वीस माणसांचें रांधावयाचें म्हणजे शेवटीं कोण जेवतें, कोणाच्या मुलास दूध मिळतें आणि कोणाच्या नाहीं, हे प्रश्न त्या पंगतींतूनच उठतात. तरीही पेंडसे त्या घराचा द्वेष करीत नाहींत. पाऊस, पोफळीच्या बागा, माणसांची तिरकस बोली, हें सर्व त्यांच्या हाताखालीं जिवंत होतें. कारण तें शोभेसाठीं आणलेलें नाहीं.

येथें आमच्यावर असा आक्षेप येईल कीं, मग काय प्रत्येक आठवण दुःखाचीच लिहावी? तसें नव्हे. जात्यावर ओव्या जन्मल्या, हेंही खरेंच. त्या स्त्रियांच्या ओव्या मोलानें गोळा करून ग्रंथरूपानें ठेवणारे साने गुरुजीच होते. दिवाळीचें अभ्यंग, भाऊबीज, नागपंचमीचीं गाणीं, हरणैच्या बंदरांत आगबोट लागतांच किनाऱ्यावर उडणारी धांदल, मुंबईहून आलेल्या मनिऑर्डरीनें उजळलेलें घर, हा आनंद कोणी हिरावून घेऊं नये. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ओवी लिहावी, तर ती कोणत्या प्रहरीं व किती दाण्यांवर गाइली गेली, तेंही लिहावें. कष्ट सांगितल्यानें ओवी उणी होत नाहीं. उलट तिचें मोल तेव्हांच कळतें.

आज दापोलीची स्थिति पालटली आहे. हरणैस आगबोट येत नाहीं. १९९८ पासून पूर्णपणें धांवूं लागलेली कोंकण रेल्वे खेडावरून जाते. समुद्रकांठच्या निवासांत जातें अंगणांत मांडलेलें असतें, इरलें भिंतीस लटकतें, आणि शहरांतून आलेलीं मुलें त्यांच्याशेजारीं उभीं राहून छायाचित्रें काढतात. त्यांत गैर कांहीं नाहीं; मुलांनीं पाहावें तरी कोठें? परंतु वस्तु भिंतीवर चढली कीं तिचा उपयोग तुटतो, आणि उपयोगाबरोबर तिचा इतिहासही. इरलें घेऊन पावसांत कमरेंतून वांकून दिवसभर भात लावणारी बाई त्या भिंतीवर नसते. ती दाखविणें हें लेखकाचेंच काम आहे. आमचे लेखकही भिंतींवर वस्तू टांगूं लागले, तर मुलांनीं कोणाकडे पाहावें?

म्हणून स्मरणलेख लिहिणारांस आमची विनंति आहे. जात्याचा खुंटा ज्यांनीं स्वतः हातीं धरला आहे अशा वृद्ध स्त्रिया अजून कोंकणांत व मुंबईच्या चाळींतून आहेत, पण त्या आतां थोड्या उरल्या. लिहावयास बसण्यापूर्वीं त्यांपैकीं एकीपाशीं तास-दोन तास बसावें. वस्तु कशी दिसे, हें शेवटीं विचारावें; आधीं हें विचारावें कीं दळण किती असे, बरोबर कोण बसे, आजारपणांत कोण दळी, आणि गिरणी गांवांत आली त्या दिवशीं तिला काय वाटलें. या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर आमच्या अनेक स्मरणलेखकांस अडचणींत टाकील, अशी आमची अटकळ आहे. तें उत्तर जसेंच्या तसें छापलें जावें, एवढीच आमची अपेक्षा.